केराटोकोनसच्या लेन्स: वाचकांचे प्रश्न

मागील अंकात डोळे चोळण्याची सवय आणि केराटोकोनस, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार, यांच्या संबंधावर एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर नाशिक शहरातून तसेच दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांतून पत्रे आली. त्यांतील बहुतेकांचा रोख आजारापेक्षा लेन्सवर आहे: कोणती घ्यावी, का टोचते, का धूसर होते, एवढा खर्च करावा की नाही. म्हणून हे सदर या वेळी त्याच पत्रांना दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि नावे गाळली आहेत. उत्तरे लेन्स बसवण्याचे काम करणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टने, पत्रलेखकांचे डोळे प्रत्यक्ष न तपासता दिलेली आहेत, हे वाचताना ध्यानात असू द्यावे.

प्रश्न: माझा मुलगा १९ वर्षांचा असून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांत त्याचा चष्मा चार वेळा बदलला, तरी अक्षरांना सावली दिसते असे तो म्हणतो. आता केराटोकोनस असल्याचे निदान झाले आहे. डॉक्टर म्हणतात, आधी सीथ्रीआर करू आणि मग खास लेन्स बसवू. आमच्या नात्यातले एक जण म्हणतात की लेन्सने स्वच्छ दिसणार असेल तर डोळ्याला हात कशाला लावू द्यायचा? चष्म्याने का दिसत नाही आणि लेन्सने कसे दिसेल, हेही समजत नाही. (एक आई, इंदिरानगर)

उत्तर: आपल्या नातेवाइकांचा सल्ला काळजीपोटी आलेला असला तरी तो मानू नये, कारण लेन्स आणि सीथ्रीआर, म्हणजे आजाराची वाढ थांबवणारा उपचार, यांची कामे अगदी वेगळी आहेत.

डोळ्याच्या सर्वांत पुढे असलेला पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. निरोगी डोळ्यात त्याची मधली जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त असते आणि त्याची गोलाई बरीच एकसारखी असते. केराटोकोनसमध्ये हा पडदा एका भागात, बहुधा मध्यापासून थोडा खालच्या बाजूला, पातळ होत जातो आणि तिथून शंकूसारखा पुढे येतो. त्यामुळे वरच्या आणि खालच्या भागांची गोलाई जुळेनाशी होते, आणि एकाच अक्षरावरून आलेला प्रकाश पडद्याच्या वेगवेगळ्या भागांतून वेगवेगळ्या ठिकाणी पडतो. मुलाला दिसणारी सावली ती हीच. चष्म्यातला तिरकस नंबर ठरावीक अक्षातला नियमित दोष काढू शकतो. वेड्यावाकड्या पृष्ठभागाचा दोष काढण्याची सोय चष्म्याच्या काचेत नाही. म्हणूनच काचा बदलत राहिल्या आणि समाधान झाले नाही. त्या काचा करून देणाऱ्याची त्यात चूक असेलच असे नाही.

कडक लेन्स डोळ्यावर बसली की तिची मागची बाजू आणि कॉर्निया यांच्या मधल्या जागेत अश्रू भरतात. अश्रूंची प्रकाश वळवण्याची क्षमता कॉर्नियाच्या क्षमतेच्या खूप जवळची आहे. त्यामुळे पुढच्या पृष्ठभागावरचा उंचसखलपणा प्रकाशाच्या दृष्टीने बहुतांशी नाहीसा होतो आणि डोळ्याला लेन्सचा गुळगुळीत पृष्ठभाग नव्या कॉर्नियासारखा मिळतो. कॉर्नियाच्या मागच्या बाजूचा वाकडेपणा मात्र तसाच राहतो. म्हणून उत्तम बसलेल्या लेन्सनेही काहींना रात्री दिव्यांभोवती थोडी झाक दिसते, आणि त्याची कल्पना मुलाला आधीच द्यावी. साधी मऊ लेन्स कॉर्नियावर पसरते आणि त्याचाच आकार घेते, त्यामुळे आजार थोडाही पुढे गेलेला असला की ती फारशी उपयोगी पडत नाही.

एवढे करूनही लेन्स आजार थांबवत नाही. लेन्सने शंकू दाबून धरला जातो आणि वाढ थांबते, हा समज मी आजही वारंवार ऐकतो. तो चुकीचा आहे. वाढ थांबवण्याचे काम सीथ्रीआरचे. त्यात कॉर्नियावर रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे, थेंब टाकून अतिनील-अ किरण सोडतात आणि पडद्यातल्या तंतूंचे आपसांतले बंध वाढवतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेन येथील संशोधकांनी २००३ साली रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केल्यानंतर ही पद्धत जगभर रुजली. मूळ पद्धतीत पडद्याची जाडी किमान ४०० मायक्रॉन असावी लागते, म्हणजे वाट पाहण्यात ही संधीच निसटू शकते. एकोणिसाव्या वर्षी, नंबर इतक्या वेगाने बदलत असताना, डॉक्टरांनी आधी सीथ्रीआर सांगितले हे योग्यच आहे. त्याने नंबर जाणार नाही, चष्म्याविना दिसू लागणार नाही. आहे तो आकार टिकवणे हा त्याचा हेतू आहे.

सीथ्रीआरनंतर वरचा थर भरून आला आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की, साधारण एक ते तीन महिन्यांत, लेन्सचे माप घेता येते. त्यानंतरही काही महिने कॉर्नियाचा आकार थोडा बदलत राहतो, म्हणून पहिली लेन्स वर्षभरात बदलावी लागली तर मनाची तयारी असावी. मधल्या काळात परीक्षा असेल तर महाविद्यालयाला डॉक्टरांचे पत्र देऊन मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका किंवा जास्त वेळ मागण्यात संकोच करू नये.

आणखी एक विनंती. मुलगा डोळे चोळतो का, हे आपण स्वतः पाहा, विशेषतः अभ्यास संपल्यावर आणि सकाळी उठल्यावर. चोळत असेल तर खाजेमागच्या अॅलर्जीवर उपचार हवेत. मात्र औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारे स्टेरॉइडचे थेंब आणू नयेत; त्यांनी खाज लगेच थांबते, पण दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो. धाकटे भावंड असल्यास त्याच्याही कॉर्नियाचा नकाशा, म्हणजे टोपोग्राफी, एकदा काढून घ्यावी.

प्रश्न: मी सातपूर औद्योगिक वसाहतीत मशीनवर काम करतो, वय ३४. तीन वर्षांपासून दोन्ही डोळ्यांत आरजीपी लेन्स आहे. धूळ गेली की डोळे उघडत नाहीत, दोनदा लेन्स कामाच्या जागी पडली. डावा डोळा संध्याकाळी लाल होतो आणि दुखतो. जिथून लेन्स घेतली तिथे सवय होईल असे सांगतात. स्क्लेरल लेन्स घ्यावी का? किंमत ऐकून छातीच दडपली. (एक कामगार, सातपूर)

उत्तर: तीन वर्षांनी सवयीचे कारण पटण्यासारखे नाही. नवीन आरजीपी लेन्सची, म्हणजे प्राणवायू जाऊ देणाऱ्या छोट्या कडक लेन्सची, पापणीला जाणीव होणे स्वाभाविक असते. रोज तीन-चार तासांपासून सुरुवात करून हळूहळू वेळ वाढवली की ती काही आठवड्यांत बरीच कमी होते. रोज संध्याकाळी एकच डोळा लाल होत असेल, तर ती लेन्स त्या डोळ्यावर बरोबर बसलेली नाही किंवा आजार पुढे सरकून डोळ्याचा आकार लेन्सपासून दूर गेला आहे, असे धरून तपासणी व्हायला हवी. या तपासणीपर्यंत डावी लेन्स घालू नये.

लेन्स बसली की नाही हे नंबरावरून कळत नाही, याची माहिती प्रत्येक रुग्णाला असावी असे मला मनापासून वाटते. म्हणून तपासणीत काय पाहतात ते जरा विस्ताराने सांगतो. टोपोग्राफीवरून अंदाज घेऊन एक ट्रायल लेन्स डोळ्यावर ठेवतात आणि सुरुवातीचे पाणी ओसरेपर्यंत वीस-तीस मिनिटे थांबतात. मग फ्लुरोसिनचा पिवळा रंग डोळ्यात घालून स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या प्रकाशात पाहतात. जिथे लेन्सखाली अश्रू साठले आहेत तिथे हिरवे चमकते आणि जिथे लेन्स कॉर्नियाला टेकते तिथे काळे दिसते. मधोमध मोठा, ठळक काळा डाग दिसला तर लेन्स गरजेपेक्षा सपाट आहे आणि शंकूच्या टोकावर घासते आहे. अशा लेन्सने बऱ्याचदा दिसते चांगले, म्हणून रुग्ण आणि लेन्स देणारा दोघेही खूश असतात. पण वर्षानुवर्षे घासून टोकावर पांढरा व्रण येण्याचा धोका राहतो. अमेरिकेत १९९५ साली सुरू झालेल्या आणि बाराशेहून अधिक रुग्णांचा मागोवा घेतलेल्या क्लेक या अभ्यासातही सपाट बसलेल्या लेन्स आणि कॉर्नियावरचे व्रण यांचा संबंध दिसून आला. उलट, मधोमध हिरवे तळे साठून त्यात हवेचा बुडबुडा अडकला असेल तर लेन्स गरजेपेक्षा खोल आहे. तिच्या कडा घट्ट बसतात आणि अश्रूंची ये-जा थांबते. आपल्याला हवी ती या दोन्हींच्या मधली स्थिती: टोकावर पिसासारखा हलका स्पर्श, बाजूंना थोडा आधार, कडेला हिरवी बारीक पट्टी, आणि पापणी मिटली की लेन्स एक-दोन मिलिमीटर सरकून पुन्हा जागेवर यावी. शंकू जितका टोकदार, तितकी हे सारे एका लेन्समध्ये जमवण्याची कसरत मोठी. न्यूझीलंडच्या पॉल रोझ यांनी केराटोकोनससाठी तयार केलेल्या रोझ के या लेन्समध्ये मधला भाग खोल असून कडेकडे ती वेगाने सपाट होत जाते, ती याच अडचणीवर काढलेली वाट आहे.

म्हणून माझा सल्ला असा, की स्क्लेरलचा, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या मोठ्या लेन्सचा, विचार करण्यापूर्वी नवी टोपोग्राफी काढून आरजीपीचीच रचना बदलून पाहता येते का, हे विचारावे. टोपोग्राफीआधी लेन्स किती दिवस काढून ठेवायची तेही विचारून घ्यावे, कारण आरजीपी लेन्स कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलते आणि लेन्स काढल्या काढल्या घेतलेला नकाशा फसवा असू शकतो. दोन्ही लेन्स एकदम काढून ठेवल्या तर काम बंद पडेल, तेव्हा एका वेळी एक डोळा अशी सोय करता येते. मऊ लेन्स खाली आणि आरजीपी वर, अशी जोडणी काहींना मानवते. तिला पिगीबॅक म्हणतात. मात्र दोन लेन्सची निगा सांभाळावी लागते.

तरीही, धुळीच्या जागी मशीनवर काम करणाऱ्याला स्क्लेरल लेन्स अधिक सोयीची पडते, हे मान्य केले पाहिजे. तिचा व्यास साधारण १५ ते १८ मिलिमीटर असतो, म्हणजे कॉर्निया ओलांडून ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते. कॉर्नियाला ती स्पर्श करत नाही, दोघांच्या मध्ये सलाईन भरलेले असते. पापणीखाली कडा जात असल्याने ती सहसा पडत नाही, धूळही आत शिरत नाही, आणि पांढरा भाग कॉर्नियाइतका संवेदनशील नसल्याने पहिल्या दिवशीच रुग्णाच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव दिसतो. कल्पना जुनी आहे. १८८८ साली अडॉल्फ फिक आणि पॅरिसचे यूजीन काल्ट यांनी काचेची अशी भिंगे केराटोकोनसच्या रुग्णांना लावून पाहिली होती. काचेतून प्राणवायू जात नसल्याने ती फार वेळ ठेवता येत नसत. प्राणवायू जाऊ देणारे आजचे साहित्य आल्यानंतरच दिवसभर घालता येईल अशी स्क्लेरल लेन्स शक्य झाली.

खर्च आरजीपीच्या कितीतरी पट आहे हे खरे. दोन्ही डोळे एकदम करण्याचा आग्रह धरू नये. ज्या डोळ्याला आरजीपी मानवत नाही त्या एकाच डोळ्याला स्क्लेरल बसवून दुसरा आहे तसा ठेवता येतो. पैसे भरण्याआधी एक गोष्ट स्पष्ट विचारावी: लेन्स पहिल्या खेपेला नीट बसली नाही तर बदलून देण्याचे किती वेळा आणि किती दिवसांपर्यंत त्या किमतीत धरले आहे? स्क्लेरल लेन्समध्ये पहिल्या मागणीनंतर एक-दोन फेरबदल होणे हे नेहमीचेच आहे, त्यात कोणाचा कमीपणा नाही. आणि लेन्स कोणतीही असो, मशीनवर सुरक्षेचा चष्मा लावलाच पाहिजे.

प्रश्न: माझी दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. सहा महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्याला स्क्लेरल लेन्स बसवली. सकाळी उत्तम दिसते, पण दुपारनंतर दुधाळ धुके पडल्यासारखे होते. काढून धुऊन घातली की पुन्हा स्वच्छ. लेन्स खराब आहे का? छाटणीनंतर फवारणी सुरू होते, तेव्हा लेन्स घालावी का? (एक शेतकरी, दिंडोरी)

उत्तर: लेन्स खराब असण्याची शक्यता कमी आहे. स्क्लेरल लेन्सखालचे सलाईन दिवसभर जवळजवळ तेच राहते. अश्रूंतले स्निग्ध कण आणि पेशींचा कचरा कडेखालून हळूहळू त्यात शिरला की ते गढूळ होते. हा त्रास पुष्कळांना होतो, आणि काढून धुतल्यावर दृष्टी स्वच्छ होते याचा अर्थ दोष त्या द्रवात आहे, कॉर्नियात नाही. हे आपण स्वतः नेमके टिपले आहे, लेन्स बसवणाऱ्यालाही ते तसेच सांगा.

त्याने दोन-तीन गोष्टी पाहायला हव्यात. पहिली, लेन्स आणि कॉर्निया यांच्यातले अंतर. लेन्स घातल्यावर ते साधारण ३०० मायक्रॉन असते आणि काही तासांत लेन्स पांढऱ्या भागावर थोडी रुतून ते शंभरेक मायक्रॉनने कमी होते. म्हणून अर्ध्या तासात दिलेला निकाल पुरेसा नसतो. दुपारी, धुके पडलेल्या अवस्थेत, लेन्स डोळ्यावर ठेवूनच तपासणीला जाणे सर्वांत उपयोगी. अंतर खूप जास्त असेल तर धुके वाढते आणि प्राणवायूही कमी पोहोचतो. दुसरी, कडा. डोळ्याचा पांढरा भाग सर्व बाजूंनी सारखा गोल नसतो. नाकाकडची आणि कानाकडची बाजू वेगळी असते. एका बाजूने कड उचललेली असेल तर तिथून कचरा आत जातो, आणि एका बाजूने रुतत असेल तर तिथल्या रक्तवाहिन्या दबून पांढऱ्या पडतात. यासाठी दोन अक्षांत वेगळी गोलाई असलेली कड मागवता येते. तिसरी, पापण्यांच्या कडेच्या ग्रंथी आणि अॅलर्जी. त्यांवर उपचार झाले की पुष्कळदा लेन्सला हात न लावता धुके कमी होते. काहींना सलाईनमध्ये संरक्षक द्रव्य नसलेल्या, किंचित घट्ट कृत्रिम अश्रूंचा एक थेंब मिसळून फरक पडतो, पण हा बदल विचारूनच करावा.

आता फवारणीविषयी. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी आणि भुरी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगांसाठी फवारण्या एकामागून एक येतात. त्या काळात बागेत लेन्स घालूच नये असे म्हणणे सोपे आहे, पण लेन्सविना आपल्याला दिसत नसेल तर ट्रॅक्टर चालवणे अधिक धोक्याचे ठरेल. शक्य असल्यास फवारणी दुसऱ्याकडे सोपवावी. नसल्यास चारही बाजूंनी बंद असलेला गॉगल लावूनच काम करावे, आणि औषध कालवताना तर तो कधीही काढू नये. बोर्डोसारख्या चुन्याच्या मिश्रणाचा थेंब डोळ्यात उडाला तर क्षणाचाही विलंब न लावता भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवायला घ्यावा, धुता धुताच लेन्स काढावी, आणि निदान पंधरा-वीस मिनिटे धूत राहून मग दवाखाना गाठावा. लेन्सला पाणी लागू देऊ नये हा एरवीचा नियम या एका प्रसंगी बाजूला ठेवायचा, कारण रसायन लेन्सखाली अडकले तर ते तिथे साचून राहते. ती लेन्स तपासून घेतल्याशिवाय पुन्हा घालू नये. बागेतून घरी आल्यावर, लेन्सला हात लावण्याआधी, हात साबणाने दोनदा धुऊन कोरडे करावेत; बोटांवर राहिलेले गंधक डोळ्याची फार आग करते.

प्रश्न: घरी आरओचे पाणी आहे. लेन्स त्याने धुतली तर चालेल ना? सलाईन महाग पडते. आणि रंगपंचमीला आम्ही मैत्रिणी रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदात, उतरतो, तेव्हा लेन्स ठेवली तर चालेल का? (एक विद्यार्थिनी, पंचवटी)

उत्तर: दोन्हींचे उत्तर नाही असेच आहे.

नळाचे, विहिरीचे, उकळून गार केलेले किंवा आरओचे पाणी निर्जंतुक नसते. अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव पाण्यात आणि मातीत सर्वत्र आढळतो; लेन्ससोबत तो कॉर्नियावर पोहोचला तर होणारा संसर्ग अत्यंत वेदनादायक असतो, महिनोन्‌महिने औषध घ्यावे लागते आणि दृष्टीही जाऊ शकते. लेन्स तिच्यासाठीच्या द्रावणानेच चोळून स्वच्छ करावी, तिची डबी त्याच द्रावणाने धुऊन उलटी वाळवावी आणि दर तीन महिन्यांनी तरी बदलावी. स्क्लेरल लेन्समध्ये भरायचे सलाईन संरक्षक द्रव्यविरहित असावे आणि बाटली उघडल्यावर लिहिलेल्या मुदतीतच संपवावी. एकदा वापरून टाकायच्या छोट्या कुप्या घेतल्या तर वाया जाण्याचे प्रमाण कमी होते.

रहाडीची मजा मला ठाऊक आहे आणि ती सोडा असे मी सांगणार नाही. लेन्स घरी डबीत ठेवून, वाट दाखवायला मैत्रिणीचा हात धरून जावे. तिथे शेकडो लोक एकाच रंगीत पाण्यात उतरतात. ते पाणी लेन्सखाली जाणे डोळ्याला परवडणारे नाही. दुसऱ्या दिवशी डोळा लाल नसेल तरच लेन्स घालावी. गोदावरीतल्या स्नानाला आणि पोहण्याच्या तलावालाही हेच लागू आहे.

प्रश्न: माझ्या मुलीचे लग्न ठरते आहे. तिला केराटोकोनसची सुरुवात आहे असे एका ठिकाणी सांगितले, दुसऱ्या ठिकाणी लेसरने चष्मा घालवून देऊ म्हणाले. लेसर केले तर लेन्सची कटकटच नको, असे घरी सर्वांना वाटते. (एक वडील, नाशिकरोड)

उत्तर: कृपा करून लेसर करू नका. लॅसिक या लेसर शस्त्रक्रियेत नंबर घालवण्यासाठी कॉर्नियाचाच काही भाग कमी केला जातो. जो पडदा आधीच पातळ आणि दुबळा आहे, तो आणखी पातळ केला तर आजार वेगाने वाढू शकतो. केराटोकोनस, मग तो सुरुवातीचा का असेना, हे लॅसिक न करण्याचे जगभर मानलेले कारण आहे. दोन ठिकाणी दोन मते मिळाली असल्याने कॉर्नियाच्या तज्ज्ञाकडे टोमोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंचा आणि जाडीचा नकाशा, करून तिसरे आणि अखेरचे मत घ्यावे, आणि आधीचे सर्व नकाशे सोबत न्यावेत.

सुरुवातीच्या अवस्थेत चष्म्यानेही चांगले दिसते, त्यामुळे मुलीला आज लेन्सची गरज असेलच असे नाही. तिच्यासाठी महत्त्वाचे आहे ते दर सहा महिन्यांनी मोजमाप आणि वाढ दिसल्यास वेळेवर सीथ्रीआर. गरोदरपणात हा आजार काहींमध्ये पुढे सरकतो, म्हणून त्या काळात आणि त्यानंतर तपासणी चुकवू नये. होणाऱ्या सासरी ही गोष्ट आधीच मोकळेपणाने सांगावी, असे माझे मत आहे. लपवली तर उद्या तिला लेन्स घालायला आणि तपासणीला जायलाही चोरटेपणा करावा लागेल, आणि त्यात नुकसान तिच्या डोळ्यांचे होईल.

प्रश्न: माझ्या भावाला केराटोकोनस आहे, वय २७. मागच्या आठवड्यात एका डोळ्याने अचानक दिसेनासे झाले, बुबुळ पांढरे झाले, पाणी आणि वेदना सुरू झाल्या. डॉक्टरांनी हायड्रॉप्स म्हटले आणि लेन्स बंद केली. आता डोळा बदलावा लागेल का? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर: लगेच नाही, आणि कदाचित कधीच नाही. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला एक पातळ थर असतो, जो डोळ्यातले पाणी पडद्यात शिरू देत नाही. शंकू फार ताणला गेला की हा थर अचानक फाटतो, पाणी आत शिरते आणि पडदा सुजून पांढरा होतो. फाटलेला भाग बहुधा दोन ते चार महिन्यांत आपोआप भरून येतो. तोपर्यंत डॉक्टर क्षारयुक्त थेंब आणि वेदना कमी करणारी औषधे देतात. काही वेळा सूज लवकर उतरावी म्हणून डोळ्यात वायू सोडतात. भावाने या काळात लेन्स घालू नये आणि डोळा मुळीच चोळू नये. लेन्स घालणाऱ्याच्या डोळ्यात पांढरा डाग दिसला तर तो जंतुसंसर्गही असू शकतो, आणि तो ओळखणे तासांवर येऊन ठेपलेले काम असते. आपण वेळेवर डॉक्टरांकडे गेलात हे फार चांगले झाले.

सूज उतरल्यावर व्रण राहील. तो नेमका मधोमध आणि दाट असेल तर प्रत्यारोपणाचा विचार होतो. बाजूला असेल तर शंकू थोडा सपाट झाल्यामुळे नवी लेन्स बसवणे पूर्वीपेक्षा सोपेही जाऊ शकते. त्यासाठी माप पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागेल. जुनी लेन्स घालून पाहण्याचा मोह टाळावा. प्रत्यारोपणाविषयी एक गोष्ट रुग्णांना पुष्कळदा उशिरा कळते: नवा कॉर्निया बसवल्यावरही टाक्यांमुळे आकार वाकडा राहतो आणि चांगले दिसण्यासाठी अनेकांना पुन्हा आरजीपी किंवा स्क्लेरल लेन्सच लावावी लागते. म्हणून नुसती लेन्स टोचते या कारणासाठी प्रत्यारोपण सांगितले गेले असेल, तर त्याआधी स्क्लेरल लेन्सची ट्रायल झाली आहे ना, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. गुंतागुंतीच्या डोळ्यांसाठी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयात प्रोज या नावाची, प्रत्येक डोळ्यासाठी स्वतंत्रपणे घडवलेली स्क्लेरल पद्धतीची भिंगे बसवली जातात. जवळपास सर्व उपाय करून झाले असतील तर तिथला सल्ला घेण्यासारखा आहे.

प्रश्न: नोकरीसाठी नाशिकहून पुण्याला जातो आहे. नव्या ठिकाणी लेन्ससाठी काय न्यावे? (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर: सर्व टोपोग्राफींच्या प्रती, सुरुवातीपासूनच्या. त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय आजार वाढतो आहे की थांबला आहे, हे नव्या तज्ज्ञाला सांगता येणार नाही. त्यासोबत सध्याच्या लेन्सची संपूर्ण मोजमापे लेखी मागून घ्यावीत: लेन्सचा प्रकार आणि साहित्य, मागच्या बाजूची गोलाई, व्यास, नंबर, आणि स्क्लेरल असल्यास तिची खोली व कडेचा तपशील. मोजमापे देण्यास कोणी टाळाटाळ केली तर ती आपल्या डोळ्यांची माहिती आहे, असे नम्रपणे सांगून आग्रह धरावा. ही मोजमापे घेऊन इंटरनेटवरून परस्पर लेन्स मागवू नये. नवी जोडी डोळ्यावर ठेवून, रंग घालून तपासल्याशिवाय वापरायची नसते. जुनी जोडी टाकून न देता स्वच्छ करून, कोरडी करून जपून ठेवावी. नवी लेन्स फुटली किंवा हरवली तर दुसरी येईपर्यंतचे दिवस तिच्यावर निघतात. फक्त घालण्याआधी ती द्रावणात रात्रभर भिजवून घ्यावी आणि जमल्यास एकदा तपासून घ्यावी.